ट्रेलर फिरायला की राहायला?

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. लोणार सरोवर किंवा सैलानीची यात्रा मुलाबाळांसह करायची, तर झोपायची सोय असलेला ट्रेलर बरा वाटतो. पण घरची बचत घालण्याआधी तो फिरायला हवा की राहायला, हे ठरवू या.

रस्त्यावरच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, सांधे उघडतात. चाकांच्या बेअरिंगला वेळोवेळी ग्रीस लागते. मळ्यात उभा ठेवला, तरी तो टिकेलच असे नाही. बुलढाण्याच्या उन्हात टायरला तडे जातात, छताच्या फटीतले सीलंट सुकते आणि पावसाळ्यात पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरते. म्हणून उभ्या ट्रेलरचा भार स्टँडवर घ्यावा, टायर झाकावेत, मृगाआधी छत तपासावे. कायमच राहायचे असेल, तर आमच्या मते त्या पैशात पक्की खोली बांधलेली बरी.