अनोळखी माणसाचे प्रश्न

बँकेत मुरलेल्या अधिकाऱ्याला पोलादाच्या कारखान्यात धाडायचे आणि तिथल्या जाणत्यांनाही न सुटलेली अडचण त्याच्या हाती सोपवायची! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण १९६८च्या सुमारास बेल्जियममध्ये विद्यापीठांनी आणि बड्या कंपन्यांनी मिळून नेमके असेच काहीसे केले. अनुभवी अधिकारी आपला धंदा सोडून परक्या धंद्यात गेले आणि तिथली खरीखुरी अडचण सोडवायला बसले.

यामागे होते रेग रेव्हन्स. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी पाहिले होते, की नोबेल मिळवलेली माणसेसुद्धा आपल्याला काय उमगत नाही ते एकमेकांसमोर मोकळेपणाने मांडतात. पुढे ब्रिटनच्या कोळसा खाणींत काम करताना त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना एकमेकांच्या खाणींत नेले, एकमेकांना प्रश्न विचारायला लावले. आयते ज्ञान अधिक नेमके प्रश्न म्हणजे शिकणे, हे त्यांचे सूत्र. कोणतीही अडचण समोर आली की ते तीन गोष्टी विचारत: हे कोणाला ठाऊक आहे? कोणाला याची तळमळ आहे? आणि कोणाच्या हातात काही करणे आहे? मला हे तीन प्रश्न थक्क करतात. बहुतेक अडचणी रखडतात त्या याच तिघांची गाठ न पडल्यामुळे.

आज नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमांत हीच कल्पना प्रकल्प बनून आली आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९९२ साली एमबीएच्या विद्यार्थ्यांना गट करून कंपन्यांत पाठवायला सुरुवात केली. एमआयटीच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएतही असे प्रकल्प आहेत. गटात कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी हिशेबनीस. सोबत एक मार्गदर्शक प्राध्यापक. आणि समोर खरी कंपनी.

खरी गंमत पहिल्याच पायरीवर आहे. समजा, कंपनी म्हणते, ‘आम्हाला नवे सॉफ्टवेअर हवे.’ एमआयटीचे प्राध्यापक नेल्सन रेपेनिंग इथेच थांबवतात. सॉफ्टवेअर नसणे ही अडचण नव्हे. तो अडचणीच्या वेशात आलेला उपाय आहे. ‘शंभरातल्या वीस ऑर्डरी उशिरा जातात’ ही झाली अडचण. मग गट एकच ऑर्डर धरतो आणि तिच्यामागोमाग या टेबलावरून त्या टेबलावर जातो. प्रत्यक्ष काम किती वेळ चालले आणि कागद किती वेळ नुसता पडून राहिला, याची नोंद करतो. काम वीस मिनिटांचे आणि एका सहीसाठी वाट चार दिवसांची, असे निघाले तर? तिथे रोज बसणाऱ्याला ती वाट दिसतच नसते, तो तिला कामच समजत असतो. ‘पण ही सही लागते कशाला?’ हे विचारायला बाहेरचा माणूस लागतो. त्याचे अज्ञान इथे कामाला येते. मात्र त्याला ते दाखवायची लाज वाटता कामा नये.

रेव्हन्स यांना बाहेरून येऊन उत्तरे वाटणारे तज्ज्ञ फारसे रुचत नसत, आणि ते योग्यच होते. उपाय शेवटी तिथल्याच माणसांना राबवायचा असतो.

तुमच्या कंपनीत असा गट आला, तर त्यांना आधी मीटिंग हॉलमध्ये बसवू नका. सरळ कामाच्या जागी न्या, आणि त्यांच्या बाळबोध वाटणाऱ्या प्रश्नांना घाईने उत्तर देऊ नका.