आडवाटेची मोटारसायकल : कोणती आणि कशासाठी?

मुलगा कॉलेजात गेला, की घरात मोटारसायकलचा विषय निघतो. अलीकडे त्याला ‘ऑफ-रोड’चीच गाडी हवी असते. ऑफ-रोड म्हणजे आडवाट, कन्नडमध्ये ‘अड्डदारी’. पण आडवाटेच्या सगळ्या गाड्या एकाच कामाच्या नसतात. घेण्यापूर्वी हा फरक आई-वडिलांनीही समजून घेतलेला बरा.

पहिली मोटोक्रॉस. मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर उंच उड्या घेत शर्यत लावण्यासाठी ती बनवलेली असते. वजन साधारण १००-११० किलो, टाकी लहान. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे काहीच नाही. त्यामुळे तिची नोंदणी होत नाही आणि ती रस्त्यावर आणता येत नाही. ट्रायल्सची गाडी याहून वेगळी. तिला बसायला नीट सीटही नसते, कारण तिथे वेगाला महत्त्व नाही. दगडधोंड्यांवरून पाय न टेकता तोल सांभाळत जाणे, हीच परीक्षा. एंड्युरो गाडी लांब पल्ल्याच्या डोंगरवाटांसाठी. तिला दिवा असतो, टाकी मोठी आणि सस्पेन्शन मोटोक्रॉसपेक्षा मऊ. रॅलीच्या गाडीवर याशिवाय मार्ग शोधण्याची साधने असतात. बेंगळुरूच्या सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

या चारही गाड्या मुख्यतः स्पर्धेच्या. घरच्यांच्या उपयोगाचे प्रकार दोनच. ड्युअल-स्पोर्ट गाडी डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींवर चालते. २०१९ मध्ये आलेली हिरो एक्सपल्स २०० या जातीची. जमिनीपासून उंची २२० मिमी, वजन दीडशे किलोंच्या आसपास. अ‍ॅडव्हेंचर गाडी सामान बांधून लांबच्या प्रवासाला निघण्यासाठी. २०१६ ची रॉयल एनफील्ड हिमालयन हे तिचे उदाहरण. पण तिचे वजन जवळजवळ २०० किलो. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळी तांबड्या चिखलात ती आडवी झाली, तर एकट्याने उचलणे सोपे नाही.

म्हणून शोरूममध्ये रंग पाहण्याआधी मुलाला गाडीवर बसवून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, ते पाहावे. खोल खाचांचे टायर चिखलात माती धरतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. चोर्ल्याच्या वळणांवर हे विसरून चालणार नाही. भीमगड अभयारण्यात तर परवानगीवाचून गाडी घालणे हा गुन्हाच आहे.

आणि वयाचे काय? गिअरच्या मोटारसायकलला परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलाची हौस खोटी नसते. तिला नुसता नकार देण्यापेक्षा ‘तू नेमका कुठे जाणार आहेस?’ हे आधी विचारावे. जायचे कुठे ते ठरले, की गाडी निवडणे अवघड राहत नाही.