पेबल बीचचं गवत आणि सांडपाण्यातला सोडियम

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या नामांकित गोल्फ मैदानांना 1994 पासून प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळू लागलं. पिण्याचं पाणी वाचलं, पण ग्रीनवरचं (होलभोवतीच्या हिरवळीवरचं) नाजूक ‘पोआ अॅन्युआ’ गवत मलूल पडू लागलं. दोष सोडियमचा!

सोडियम मातीच्या कणांवरून कॅल्शियमला हुसकावतो. चिकणमाती विस्कटते, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. उपाय खारपट जमिनीच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेलाच: जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. मग भरपूर पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन काढायचे. निचरा चांगला हवा, हे आलंच. पेबल बीचला या धुण्यासाठी पुन्हा पिण्याचंच पाणी ओतावं लागे! अखेर 2009 च्या सुमारास पाण्यातले क्षार गाळणारी रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्रणा आली आणि सोडियम आटोक्यात आला.

या पाण्याची दुसरी बाजू अनेकांच्या नजरेतून सुटते. ते खतही आणतं. लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रोजन असलेलं पाणी वर्षभरात 500 मिलिमीटर दिलं, तर हेक्टरी 50 किलो नायट्रोजन आपोआप पडतो. खताच्या हिशेबातून तो वजा करायलाच हवा. नाहीतर गवत माजतं आणि चेंडूचा वेग मंदावतो.