पुढे शॉकअप, मागे पोलाद

सायकलच्या दुकानात बापलेक शिरले की हल्ली दोन प्रश्न ठरलेले असतात. वडील विचारतात, "टिकेल ना?" आणि चिरंजीव विचारतात, "शॉकअप आहे ना?" दुकानदार दोघांनाही एकाच दमात "हो" म्हणून टाकतो आणि बिलाचे पुस्तक पुढे ओढतो. वडिलांच्या मते शॉकअप म्हणजे पुढच्या चिमट्यात बसवलेली स्प्रिंगची चैन. बाकी सांगाडा आपल्या वेळी होता तोच. परंतु गंमत अशी की, हे दोन प्रश्न मुळात वेगळे नाहीतच! पुढची स्प्रिंग लांबली की साऱ्या सांगाड्याचे गणित बदलते आणि ते गणित चुकले तर सायकल टिकत नाही, प्रसंगी स्वारही टिकत नाही. एवढी साधी गोष्ट उमगायला भल्याभल्या कारागिरांना कित्येक वर्षे लागली. त्यापायी पुष्कळ नळ्या मोडल्या, आणि थोडीफार हाडेही!

ही हकीकत आहे डोंगरी सायकलीची. त्यातही पुढे स्प्रिंग आणि मागे निव्वळ ताठ सांगाडा असलेल्या सायकलीची. इंग्रजीत तिला 'हार्डटेल', म्हणजे ताठ शेपटीची, असे मजेदार नाव आहे.

ग्रीसचा धूर

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे आणि तेथे माउंट टॅमलपायस हा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या तरुण मंडळींना एक वेड लागले. भंगारातून १९३०-४० च्या काळातल्या जाडजूड सायकली उचलायच्या, डोंगरावर न्यायच्या आणि मातीच्या वाटेने सुसाट खाली सोडायच्या. श्विन कंपनीने १९३३ साली दोन इंचांहून जाड, फुगीर टायरांच्या सायकली बाजारात आणल्या होत्या. शाळकरी पोरांनी चेंदामेंदा करूनही टिकाव्यात अशा त्या दणकट होत्या. या जुनाट धुडांना मंडळी लाडाने 'क्लंकर' म्हणत.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ या वेडाची रीतसर शर्यत झाली. घड्याळ लावून एकेकाला सोडायचे आणि कमीत कमी वेळात जो खाली येईल तो पहिला. सुमारे दोन मैलांच्या वाटेत तेराशे फुटांचा उतार! ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा. तो दाबून दाबून हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच पडले 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा! चार्ली केली हा या शर्यतींचा सूत्रधार. गॅरी फिशर याने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत कापला, आणि हा तिथला विक्रम ठरला.

धूर निघाला तर ग्रीस भरता येते. पण चाळीस वर्षे वयाची नळी वाकली, तर काय भरणार? जुने सांगाडे मोडू लागले आणि भंगाराचा साठाही अक्षय नव्हता. अखेर १९७७ साली जो ब्रीझ या कारागिराने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बांधला. नळ्या साध्या लोखंडी नव्हेत. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या, विमानाच्या सांगाड्यांत वापरतात त्या जातीच्या पोलादाच्या. अशा दहा सायकली त्याने केल्या, आणि त्यांतली पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे टॉम रिची सांगाडे बांधू लागला, फिशर आणि केली यांनी १९७९ साली ते विकण्याचे दुकान थाटले, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' जपानी कारखान्यातून बाहेर पडली. वेडाचा धंदा झाला तो असा.

दोन इंचांची क्रांती

तोवर धक्के शोषण्याचे काम दोघांकडे होते : फुगीर टायरांकडे आणि स्वाराच्या मनगटांकडे. मनगटांची सुटका केली पॉल टर्नर या गृहस्थाने. मोटारसायकलींच्या शर्यतींत मुरलेला हा माणूस. त्याने १९८९ साली 'रॉकशॉक्स' ही कंपनी काढून हवा आणि तेल यांवर चालणारा चिमटा सायकलीला बसवला. तो दबे जेमतेम दोन इंच. जुन्या खोंडांनी नाके मुरडली. "सायकल आहे की झोपाळा?" असा एकंदर सूर होता. पण डोंगरी सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झाली आणि त्यानंतर हा सूर फार काळ टिकला नाही. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकल दाखल झाली, तेव्हा स्प्रिंगचा चिमटा अगदी सर्वमान्य झाला होता.

माणसाची हाव दोन इंचांवर थांबते थोडीच! दोनाचे तीन, तिनाचे चार, पाच आणि सहा इंच झाले. आणि घोटाळा झाला तो इथेच.

डोके वर, डोके खाली

हा घोटाळा समजून घ्यायला कागद-पेन्सिल पुरे. चिमट्याची दांडी ज्या नळीत फिरते, ती जमिनीशी काही कोन करते. हा कोन नव्वदाच्या जवळ, म्हणजे नळी उभी असेल, तर सायकल झटकन वळते. पण तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे भिरकावला जाण्याची धास्ती असते. नळी मागे कललेली असेल, तर चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते आणि उतारावर सायकल स्थिर चालते. शर्यतींसाठी बांधलेल्या १९९० च्या सुमाराच्या बऱ्याच सायकलींत हा कोन ७१ अंशांच्या आसपास, बराच उभा असे.

अशा सांगाड्याला लांब चिमटा लावला की पुढची बाजू उचलली जाते. चिमटा दर वीस मिलिमीटर लांबला की कोन साधारण एका अंशाने कलतो, सीट मागे झुकते, पायडलांचा आस वर चढतो आणि चढावर पुढचे चाक उगाच उधळते. शिवाय लांब चिमटा म्हणजे लांब पहार. प्रत्येक धक्क्याला ती सांगाड्याची मान उचकटू पाहते. मानेखालून पायडलांकडे उतरणारी नळी नेमकी मानेपाशीच तडकते ती यामुळे.

आता उलट बाजू पाहा. दोन्ही चाकांच्या आसांत बाराशे मिलिमीटर अंतर आहे आणि दीडशे मिलिमीटरचा चिमटा एखाद्या दगडावर पुरता दबला असे धरू. मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे मागची बाजू जागच्या जागी राहते आणि पुढची तेवढी खाली बसते. सारी सायकल सहा-साडेसहा अंशांनी पुढे वाकते! म्हणजे ऐन उतारावर, ऐन धक्क्याच्या क्षणी, जेव्हा नळी कललेली हवी तेव्हाच ती उभी होते. दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या सायकलीची दोन्ही टोके खाली बसतात, म्हणून तिला हा त्रास कमी. ताठ शेपटीच्या बाबतीत मात्र लांब स्प्रिंग जितके देते, तितकेच दुसऱ्या हाताने काढून घेते.

उपाय एकच होता. जुन्या सांगाड्याला नवा चिमटा लावण्याऐवजी चिमट्यासाठी सांगाडाच नवा आखायचा.

चिखलातले कारागीर

मोठ्या कंपन्यांचे लक्ष तोवर ॲल्युमिनियमकडे आणि मागल्या स्प्रिंगेकडे वळले होते. हे काम उचलले लहान कारखानदारांनी, आणि तेही बव्हंशी इंग्लंडात. तिथे पाऊस बारमाही आणि चिखल गुडघाभर. मागच्या स्प्रिंगेच्या बिजागऱ्यांत तो शिरला की बेअरिंगे खलास. तेव्हा मागे काही नसलेले बरे, पण पुढे मात्र भरपूर हवे, असे तिथल्या स्वारांचे म्हणणे पडले. 'ऑन-वन' कंपनीने आपल्या सांगाड्याचे नावच ठेवले '४५६' : चार, पाच किंवा सहा इंचांचा चिमटा खुशाल लावा! डर्बीशायरच्या टेकड्यांत साय टर्नर याने २००३ साली 'कॉटिक' काढली. तिच्या एका दणकट सांगाड्याच्या नावात लोहाची रासायनिक संज्ञाच गुंफलेली आहे. कॅनडात व्हिसलर येथील 'क्रोमॅग'ने तिथल्या खड्या उतारांसाठी असेच पोलादी सांगाडे केले.

हळूहळू सांगाड्याची सारी मापे बदलली. मानेचा कोन ७१ अंशांवरून ६४-६५ वर आला, म्हणजे चिमटा दबला तरी तो धोक्याच्या हद्दीत जाऊ नये. सीटची नळी उलट अधिक उभी झाली, म्हणजे चढावर स्वाराचे वजन पुढे राहावे. सांगाडा लांबला, हँडल रुंदावले, चाके २६ इंचांवरून २९ वर गेली.

पोलादच का?

पोलादाच्या भक्तांना विचाराल तर ते म्हणतील, "पोलाद मऊ चालते." यात भक्तीचा भाग मोठा! जाड टायर जेवढा दबतो, त्यापुढे त्रिकोणी सांगाड्याचे उभ्या दिशेने दबणे अगदीच किरकोळ. पोलादाचे खरे गुण निराळे आहेत. ते ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड आहे, पण ताठरपणाही सुमारे तिप्पट. म्हणून नळी बारीक आणि पातळ ठेवता येते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी तर १८९७ सालीच टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोडाशी बळ हवे, मध्ये वजन नको. दुसरे असे की, ठराविक मर्यादेच्या आतले धक्के पोलाद लाखो वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. प्रत्येक धक्का कुठेतरी जमा होत राहतो. आणि पोलादी नळीला तडा गेला, तर जाणकार कारागीर ती बदलून पुन्हा जोडू शकतो. लहान कारखानदाराला साच्यांवर पैसा न ओतता नवी मापे आजमावता आली, तीही पोलादामुळेच.

वजनात मात्र पोलाद हरते, हे कबूल केलेच पाहिजे. युरोपात २००५ नंतर मजबुतीच्या चाचण्या कडक झाल्या, तेव्हा काही नळ्या आणखी जाड कराव्या लागल्या.

वर्तुळ

आता पुन्हा त्या भंगारातल्या श्विनकडे पाहा. जाड टायर, रुंद हँडल, पोलादी नळ्या आणि मागे कललेला चिमटा! मधल्या काळात शर्यतवाल्यांनी मान उभी केली, हँडल अरुंद केले, टायर बारीक केले; आणि डोंगराने एकेक गोष्ट परत घ्यायला लावली. वर्तुळ पुरे झाले. फक्त आता त्या कलण्यामागचे कारण आपल्याला ठाऊक आहे आणि पुढे सहा इंचांची स्प्रिंग आहे.

तेव्हा या दिवाळीत चिरंजीवांनी शॉकअपचा हट्ट धरला, तर रागावू नका. मात्र घरातल्याच जुन्या सायकलीला लांब शॉकअप बसवून देण्याची टूम कुणी काढली, तर आधी एक प्रश्न विचारा : "हा सांगाडा किती लांबीच्या चिमट्यासाठी बांधला आहे?" आकडा सांगता आला, तर पाकीट उघडा. नाही आला, तर नुसती घंटी बदलून घरी या.