आपोआप चालणारे घर

गच्चीवरील टाकी भरून पाणी वाहू लागले, की घरात एकच ओरड होते, "पंप बंद करा!" मग जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि तोवर कितीतरी बादल्या पाणी वाया गेलेले असते. हे काम विसराळू माणसाकडून काढून यंत्रावर सोपविता येईल काय? होय, येईल. मात्र त्यासाठी जाणणे, ठरविणे आणि करणे ह्या तिन्ही गोष्टी यंत्राकडून करवून घ्याव्या लागतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. थंडीच्या दिवसांत शाळेच्या तळघरातील भट्टीच्या योगाने तेथील वर्ग ऊबदार ठेवीत. कोणता वर्ग तापला आणि कोणता गारठला, हे पाहण्यास शिपायाला वरचेवर वर्गात यावे लागे व शिकविण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी ह्यावर उपाय शोधला आणि १८८३ साली विजेच्या तापनियंत्रकाचे पेटंट मिळविले. वर्गातील ह्या उपकरणामुळे तळघरात घंटा वाजे व ती ऐकून शिपाई उष्ण हवेची झडप उघडी किंवा मिटवी. जाणण्याचे काम यंत्राकडे आले; करण्याचे काम मात्र अजून माणसाकडेच होते. पुढे झडपा उघडण्या-मिटण्याचे कामही जॉन्सन यांनी यंत्राकडूनच करविले.

साध्या तापनियंत्रकाची रचना मोठी गमतीची असते. त्यात पितळ व पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडलेल्या असतात. उष्णतेने पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. पण पोलाद त्यास मोकळेपणी वाढू देत नाही. त्यामुळे जोडपट्टी पोलादाच्या बाजूस वाकते आणि विजेचे मंडल तुटते. पट्टी निवली, की ती सरळ होते व मंडल पुन्हा जुळते. विजेची इस्त्री मधूनच बंद होते व पुन्हा सुरू होते, ती ह्याच युक्तीने.

आता आपल्या टाकीकडे वळू. टाकीत पाण्याची पातळी ओळखणारे दोन संवेदक बसवितात, एक तळाजवळ व दुसरा काठाजवळ. पाणी खालच्या संवेदकाखाली गेले, की पंप सुरू होतो. वरच्यापर्यंत पोहोचले, की बंद होतो. दोन कशाला? एकच पुरला नसता काय? नाही. काठाशी एकच संवेदक असता, तर तांब्याभर पाणी काढताच पंप सुरू झाला असता व क्षणात बंद पडला असता. आणि सारखी अशी ये-जा चालली, की मोटार जळते. तिसरा संवेदक तळमजल्याच्या टाकीत असतो. तेथे पाणीच नसेल, तर पंप कोरडा फिरून बिघडू नये, म्हणून तो सुरूच होऊ देत नाहीत.

हे सर्व नियम नखाएवढ्या चकतीत साठविलेले असतात. तिच्या क्षीण प्रवाहाने पंपासारखे जड यंत्र चालणार नाही. म्हणून मध्ये 'रिले' नावाचे साधन असते. लहान प्रवाहाच्या इशाऱ्याने ते मोठ्या प्रवाहाची कळ दाबते. खोलीत कोणी नसताना दिवे मालविणारी किंवा मोबाइलवरून पंखा चालविणारी योजनाही ह्याच तत्त्वावर चालते; तेथे आज्ञा बहुधा रेडिओलहरींवरून जाते.

परंतु काठावरील संवेदकाची तारच तुटली तर? टाकी भरली, हे यंत्राला कधीच कळणार नाही आणि पाणी वाहतच राहील. म्हणून जाणता रचनाकार आधीच ठरवितो, की तार तुटल्यास यंत्राने टाकी भरली असे समजावे व पंप बंद ठेवावा. शिवाय हाताने चालवावयाची एक कळ तो भिंतीवर ठेवतोच.

यंत्र नियम पाळते. पण चुकीचा नियमही ते तितक्याच निष्ठेने पाळते. पाणी वाया जाऊ नये, ही तळमळ यंत्राची नव्हे, माणसाची असते. ती नसेल, तर आपोआप चालणारे घरही आंधळेच राहील.