वढूची बाळं आणि जुलाबाची लस

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक ओळखलं जातं ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. भारतीय लसीच्या इतिहासातही या गावाला मानाचं स्थान मिळायला हवं. २०११ मध्ये रोटाव्हायरसच्या जुलाबावरच्या 'रोटाव्हॅक' लसीची मोठी चाचणी सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं वढू केंद्र मिळून ६,७९९ बाळं तिच्यात होती. रोटाव्हायरस आतड्याचं अस्तर बिघडवतो आणि बाळाच्या अंगातलं पाणी झपाट्याने जातं. प्रतिजैविकांचा त्यावर काहीच उपयोग नसतो. या लसीचा विषाणू दिल्लीतल्या नवजात बाळांत सापडला होता. संसर्ग होऊनही ती ठणठणीत होती! पहिल्या वर्षात लसीने रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी रोखले. म्हणजे लस सगळे जुलाब रोखत नाही, म्हणून जुलाब झाल्यावर मीठ-साखर-पाण्याला पर्याय नाहीच. शिरूर-दौंडच्या पालकांनो, सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यातले मोफत डोस चुकवू नका.