खताआधी निदान

औषधाची चिठ्ठी हातात पडली म्हणजे रुग्ण बरा झाला, असे होत नाही. औषध परवडावे लागते, वेळेवर मिळावे लागते आणि मुळात निदान बरोबर असावे लागते. पश्चिम आफ्रिकेतील कोकोच्या बागांनाही हेच लागू पडते.

घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट हे दोन देश जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. बहुतेक बागा चार-पाच हेक्टरांच्या आतल्या. घानात हेक्टरी उत्पादन साधारण ४०० ते ५०० किलो. उत्तम निगा राखलेल्या बागेत ते हजार किलोंपुढे जाते. दर हंगामात शेंगांबरोबर नत्र, स्फुरद आणि पालाश बागेबाहेर जातात. भरपाई झाली नाही की जमीन खंगते आणि नव्या बागेसाठी जंगलावर कुऱ्हाड पडते.

म्हणून घानाच्या सरकारी कोको मंडळाने खतवाटपाच्या योजना आणल्या. २०१४ मध्ये तर खत मोफत दिले. तरीही खताचा वापर सर्वत्र रुजला नाही. याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. खत घालायचे पावसाच्या सुरुवातीला, तर हातात पैसा येतो मुख्य तोडणीनंतर, ऑक्टोबरपासून पुढे. पोती उशिरा आली तर पाऊस निघून गेलेला असतो. अनेक बागा वाट्याने कसल्या जातात. ‘अबुसा’ पद्धतीत कसणाऱ्याला उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळतो. मग खताचा खर्च त्याने का सोसावा?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक झाडाला खत लागू पडत नाही. पिठ्या ढेकणांमार्फत पसरणाऱ्या, फांद्या सुजवणाऱ्या विषाणूने ग्रासलेले झाड खताने बरे होत नाही. ते उपटावेच लागते. जुनाट झाडही फारशी साथ देत नाही. घानातील ताफो येथे १९५०च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगात दाट सावलीखाली खताचा लाभ थोडाच दिसला. सावली काढताच उत्पादन वाढले, पण उघड्यावरची ती झाडे पुढे लवकर थकली.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी छाटणी, कुजलेल्या शेंगा काढणे, सावली बेताची ठेवणे आणि माती तपासणे, मग खत. शेंगांच्या टरफलांत पालाश भरपूर असतो. निरोगी टरफले नीट कुजवून बागेतच परत घातली, तर विकतच्या पोत्यांवरचा भार काहीसा हलका होतो. खत हे टॉनिक आहे. आजार ओळखल्याशिवाय दिलेल्या टॉनिकाचे बिल तेवढे वाढते.